खालच्या वाडीतलं एक मत

शुक्रवारची नमाज आटोपून रियाधमधली दुकानं पुन्हा उघडेपर्यंत श्यामलाच्या जेवणाच्या टेबलावरून ताटं उचललेली असायची आणि त्या जागी कासारकोंडच्या निवडणुका मांडलेल्या असायच्या. गेले सात शुक्रवार हेच. एका खुर्चीवर तिचा नवरा जगदीश, अल सुलैच्या गोदामात आठवडाभर खोकी मोजूनही ज्याची मोजण्याची हौस फिटली नव्हती. समोरच्या खुर्चीवर अमिता. मधे अमिताचा लॅपटॉप. श्यामला चहा घेऊन यायची आणि रिकामे कप घेऊन जायची.

अमिता जगदीशच्याच गावची, तो खालच्या वाडीतला, ती वरच्या, शाळेत त्याच्याच वर्गातली. पुण्यात कॉलेजच्या ग्रंथालयात पंचवीस वर्षं काढली, नवरा गेल्यावर नोकरी सोडली आणि तालुक्यातल्या निवडणुकांवर पुस्तक लिहायला घेतलं. दिल्ली-मुंबईच्या मोठ्या निवडणुका नव्हेत, आपल्या जिल्हा परिषदेच्या आणि पंचायत समितीच्या. बासष्ट सालापासून दोन हजार दोनपर्यंतची केंद्रवार निकालपत्रकं तिने तहसिलीच्या रेकॉर्डरूममध्ये बसून, शिंका देत, एकेक करून मोबाइलवर टिपली होती. मुलगा शर्विल रियाधला आयटीत. त्याच्याकडे ती नव्वद दिवसांच्या व्हिजिट व्हिसावर आली आणि पहिल्याच आठवड्यात तिला कुणाकडून तरी जगदीशचा नंबर मिळाला.

नव्वदातले किती संपले हे शर्विललाही पटकन सांगता आलं नसतं. श्यामलाला आलं असतं. एकसष्ट.

राग धरावा असं अमितात काही नव्हतं, हीच तर पंचाईत. आपला कप आपण विसळायची. येताना रिकाम्या हाताने कधी आली नाही. श्यामलाने मासळीबाजारातून कनाद, म्हणजे आपली सुरमईच, आणून आमसुलं घालून कालवण केलं की अमिता बोटं चाटत म्हणायची, अगदी जगूच्या आईच्या हातचं. स्तुतीच होती. पण अठ्ठावीस वर्षांच्या कालवणाला सासूचं नाव पडलं ते पडलंच.

आणि ते ‘जगू’. श्यामला नवऱ्याला ‘अहो’ म्हणायची आणि फारच चिडली तर ‘ऐकलंत का’. त्याला जगू म्हणता येतं हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. ध्यानात आलं तेव्हा ते दुसरीच कुणी म्हणत होती, आणि बावन्न वर्षांचा तो गृहस्थ त्या हाकेला दप्तर उचलल्यासारखा उठत होता. बारावीतली आर्या, लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेली एकुलती एक, तीही फितूर. ‘मम्मा, शी इज सो कूल,’ म्हणाली एकदा. श्यामलाने त्या दिवशी आर्याच्या डब्यात मुद्दाम पडवळ दिलं.

व्हिसा संपेल तशी ही जाईल, या आशेवरही एका शुक्रवारी पाणी पडलं. जगदीश सहज म्हणाला, त्यात काय, मल्टिपल एंट्री आहे, बहरीनच्या पुलावरून एक चक्कर मारून आणली की पुन्हा नव्वद. गाडी आपलीच आहे. श्यामलाला त्या पुलाची लांबी ठाऊक होती. पंचवीस किलोमीटर, दोन्ही बाजूंना समुद्र.

पण खरी गोष्ट सांगायची तर हा पूल, ती हाक आणि ते कालवण हे सगळं वरवरचं. मुळातलं दुखणं एका आकड्याचं होतं.

निकालपत्रकं बघायला पहिल्या दोन-तीन शुक्रवारी श्यामलालाही मजा आली होती, हे ती स्वतःशी कबूल करायची. कोरड्या आकड्यांतून गाव दिसायचं. सदुसष्ट साली खाडीपलीकडच्या एका केंद्रावर बायकांची मतं फक्त चार. का, तर होडीत आधी पुरुष बसले आणि ओहोटी लागली. हे कारण अर्थात कागदावर नव्हतं, ते जगदीशला आजोबांकडून ठाऊक होतं. ज्या ओढ्यावर साकव बांधला गेला तिथे पुढच्याच निवडणुकीत बायकांची मतं दुप्पट. हे जगदीशने शोधलं तेव्हा अमिताने टेबलावर थाप मारली, जगू, हे एक अख्खं प्रकरण आहे, म्हणाली. जगदीशचे कान लाल झाले. आणि जवळजवळ प्रत्येक वाडी गठ्ठ्याने मतं टाकणारी. एका वाडीची सगळी इकडे, दुसरीची सगळी तिकडे, मधे दोन-चार चुकार.

चौथ्या शुक्रवारी सत्त्याण्णव साल आलं. पंचायत समितीचा गण बायकांसाठी राखीव झाला होता आणि चोवीस वर्षांची अमिता छत्री चिन्हावर अपक्ष उभी होती. समोर शेजारच्या गावातली एक पुढाऱ्याची सून, शिलाई मशीन. अमिताने पत्रकाचा फोटो मोठा केला. केंद्र, खालची वाडी, प्राथमिक शाळा. झालेलं मतदान एकशे एक्केचाळीस. शिलाई मशीन एकशे सदतीस. छत्री एक. बाद तीन.

अमिताने त्या एकावर बोट ठेवलं आणि जगदीशकडे बघितलं.

‘जगू, आता तरी सांगून टाक.’

जगदीशने पेला उचलला. तो पाणी प्यायला. कान मात्र पुन्हा लाल झाले, आणि अमिताला तेवढं पुरलं. म्हणाली, पडले त्याचं दुःख नव्हतं रे, पण तुमच्या अख्ख्या वाडीत एक माणूस माझा होता, एवढ्यावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

श्यामला दारात ट्रे धरून उभी होती. ते एक मत तिचं होतं.

झालं होतं असं. निवडणुकीच्या आदल्या दिवशी खालच्या वाडीने देवळात कौल लावला. शिलाई मशीनवाल्यांनी साकव कबूल केला होता, आणि देवाला लावलेल्या कळ्याही उजव्या बाजूने पडल्या, म्हणजे देवाचाही होकार. मग वाडीतल्या पुरुषांनी एकेक करून नारळावर हात ठेवला, वाडी एक, शिक्का एक. बायकांचा हात कुणी मागितला नाही. त्यांचा हात नवऱ्याच्या हातातच धरलेला. जगदीश तेव्हा मुंबईला नोकरीत होता, मतापुरता गावी आला होता. त्यानेही ठेवला.

श्यामलाच्या लग्नाला तेव्हा नऊ महिने झाले होते. हळदीच्या दिवशीच एका चुलत नणंदेने तिच्या कानात घातलं होतं की जगदीश आणि वरच्या वाडीतली अमिता शाळेत जाता-येता पाच वर्षं एकत्र चालत, सगळ्यांना वाटलं होतं की ह्यांचंच जमणार. जमलं नाही, का ते नणंदेला माहीत नव्हतं. अर्धवट माहितीने जे व्हायचं ते श्यामलाचं झालं. नवरा मुंबईला, आणि ही अमिता रोज वाडीतल्या विहिरीवरून, छत्रीचं पत्रक वाटत, हसत जाते.

मतदानाला सासूबाई, बायजाबाई, तिला घेऊन गेल्या. वाटेत तीनदा बजावलं, वरून दुसरं, मशीन. पुरवणी यादीत तिचं नाव होतं, श्यामला जगदीश, आणि ते नाव मोठ्याने वाचलेलं तिने पहिल्यांदाच ऐकलं. दोन रंगांच्या दोन चिठ्ठ्या मिळाल्या. आडोशाखालून सासूबाईंचे पाय दिसत होते. जिल्हा परिषदेच्या चिठ्ठीवर सासूबाईंनी सांगितलं तिथे शिक्का मारला. दुसऱ्या, पंचायत समितीच्या चिठ्ठीवर शिक्का उचलला आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की ही बाई निवडून आली तर तालुक्याच्या गावी राहायला जाईल. तिथे ऑफिस असेल, मीटिंगा असतील. विहिरीवर येणार नाही. बाविसाव्या वर्षी माणूस यापेक्षा शहाणा नसतो. तिने छत्रीवर शिक्का हाणला, चिठ्ठी घाईघाईने दुमडली आणि पेटीत टाकली.

अमिता चाळीस मतांनी पडली, आणि पडून पुण्याला निघून गेली. मागे उरलं ते एक मत. नारळावरचा हात कुणी फिरवला? वाडीने संशय घेतला तो वाडीतल्याच भिकूच्या वडिलांवर, कारण ते मुळातच कमी बोलायचे आणि विचारल्यावर नाहीही म्हणाले नाहीत. पंधरा-वीस दिवसांनी शिमगा आला. पालखी सगळ्या वाडीत दारोदार नाचली आणि त्यांच्या दारावरून न थांबता पुढे गेली. सलग तीन शिमगे.

श्यामला बोलली नाही. पहिल्या वर्षी भीतीने, दुसऱ्या वर्षी पहिल्या वर्षी बोलली नाही म्हणून. आणि मग ती मुंबईला गेली, जगदीश सौदीला आला, मागोमाग तीही आली. नशिबाचा विनोद असा की भिकूही आला. तो अल खर्जच्या एका डेअरीत एसी मेकॅनिक होता, कॅम्पवर राहायचा आणि महिन्यातून एखाद्या शुक्रवारी कुणाच्या तरी गाडीत जागा पकडून त्यांच्याकडे जेवायला यायचा. त्याच्या ताटात श्यामला नेहमी एक तुकडा जास्त वाढायची. तो समजायचा वहिनींचा जीव आहे. जीव होताच, पण तुकडा त्याचा नव्हता.

तर आता हिशेब असा होता. नवऱ्याच्या डोक्यावर फुकटची फुलं पडत होती आणि तो ती झटकत नव्हता. फुलं उतरवायची तर श्यामलाला तोंड उघडावं लागणार, आणि तोंड उघडलं तर भिकूच्या बापाच्या दारावरून गेलेल्या तीन पालख्या तिच्या अंगावर येणार. चार शुक्रवार ती हे गिळत होती. आणि जगदीशने नारळावर हात ठेवला होता, म्हणजे मशीनवरच मारलं असणार, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. न दिलेल्या मताची ओवाळणी घेत होता. रात्री तो शेजारी घोरायला लागला की तिला वाटायचं, हलवून विचारावं, कान का लाल होतात तुमचे?

आठव्या शुक्रवारी भिकू आला. जेवणं झाली, निवडणुका मांडल्या गेल्या. अमिता जरा लाजतच म्हणाली की पुस्तकाची अर्पणपत्रिका लिहिली आहे, वाचू का? आणि वाचली. खालच्या वाडीतल्या त्या एका मताला, आणि ते देणाऱ्या मित्राच्या धैर्याला. ‘मित्र’ म्हणताना तिने टेबलापलीकडे बघितलं.

भिकूने चहाचा कप खाली ठेवला. तो हळू बोलणारा माणूस.

‘म्हणजे ते मत दादांचं?’

जगदीशने लॅपटॉपचा कोपरा सरळ केला.

‘नाही, विचारतोय फक्त. माझ्या बापाच्या दारात तीन वर्षं पालखी थांबली नाही. मी अजून रजा असली तरी शिमग्याला जात नाही. म्हणून विचारतोय. दादा, तुम्ही तेव्हा शिमग्याला आला होतात. पालखीच्या पुढे नाचत होतात.’

जगदीशने हो म्हटलं तर भिकू गेला. नाही म्हटलं तर अमिता गेली. मोजे सापडत नसले की तो जसा बघतो तसा त्याने श्यामलाकडे बघितलं. खरं सांगायचं तर अर्धा मिनिट तिने त्याला तसंच राहू दिलं. त्या अर्ध्या मिनिटात सात शुक्रवारांचं थोडं फिटलं.

आणि मग ती बोलली. न्यायासाठी बोलली, असं म्हणायला बरं वाटेल. पण ती अर्पणपत्रिका छापली जाईल, आर्या ती मैत्रिणींना दाखवील, आणि त्यात ‘मित्राचं धैर्य’ असेल, हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

‘ते मत माझं आहे,’ श्यामला म्हणाली. ‘ह्यांनी नारळावर हात ठेवला होता. माझा कुणी मागितला नव्हता.’

अमिताचं तोंड उघडंच राहिलं. जगदीश बायकोकडे असा बघत राहिला की जणू इकाम्यावरचा, सौदीत राहण्याच्या परवान्यावरचा, फोटोच बदलून आला आहे. श्यामलाने भिकूकडे वळून, मान खाली घालून सांगितलं की तेव्हा बोलायला हवं होतं, बोलले नाही, तुझ्या आबांनी माझ्यामुळे भोगलं. भिकूने कप बाजूला सारला. मग त्याने खिशातून फोन काढला.

‘मला नको सांगू, वहिनी. त्यांना सांग.’

इमोवर गावी व्हिडिओ कॉल लागला. गावी राहणाऱ्या भिकूच्या भावजयीने फोन म्हाताऱ्याच्या कानाशी धरला. चौऱ्याऐंशी वर्षांचे आबा, पडद्यावर नुसता एक पांढरा कान दिसत होता. श्यामलाने पुन्हा सगळं सांगितलं. सांगताना आवाज फुटला तर फुटू दिला. पलीकडे थोडी खरखर झाली.

‘कोन, जगदीशची बायको?’ आबा म्हणाले. ‘तुजा कसा आसल गो? ता मत माजा व्हता.’

 आबा सावकाश सांगत गेले. भिकूच्या वेळेस त्यांची बायको दोन दिवस अडली होती. अमिताची आई नर्स होती, तिने चालत येऊन सोडवली. तिच्या पोरीला एक मत नाही द्यायचं? दिलं. पण हात नारळावर ठेवून फिरवला होता. मग पालखी दारात कशी थांबेल? देवाने बरोबरच केलं, म्हणून ते कुणाला काही बोलले नाहीत. शिक्का मारताना हात कापत होता तेवढा, म्हणाले, चष्मा नव्हता. मग श्यामलाला विचारलं, तुमच्याकडे उकडा तांदूळ आहे का गो, आणि फोन भावजयीकडे गेला.

भिकू उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. अठ्ठावीस वर्षं गावकीशी भांडलो मी, एवढंच म्हणाला, बाप निर्दोष आहे म्हणून. त्याचे खांदे हलत होते. तो हसत होता की काय, हे पाठीवरून कळेना. वळला तेव्हा कळलं, दोन्ही.

अमिता पत्रकाच्या फोटोकडे बघत होती. एक मत, आणि देणारे दोन. म्हणजे दोघांतला एक बाद तिनात गेला. कापऱ्या हाताचा शिक्का रेघेवर पडला असेल, नाहीतर घाईने दुमडलेल्या चिठ्ठीची ओली शाई दुसऱ्या नावावर उमटली असेल. कुणाचं मोजलं गेलं हे आता देवही सांगू शकणार नव्हता. चिठ्ठ्या केव्हाच नष्ट झालेल्या.

श्यामलाला काय वाटलं असेल? हलकं वाटायला हवं होतं. पण अठ्ठावीस वर्षं जपलेलं, तिचं एकटीचं असं जे एकच काम होतं, त्यात एक म्हातारा वाटेकरी निघाला, आणि तिला चक्क त्या म्हाताऱ्याचाही मत्सर वाटला. अशी ही बाई.

‘बाद तिनातलं एक माझं आहे,’ जगदीश म्हणाला.

इतक्या हळू म्हणाला की अमिताने पुन्हा विचारलं. मग त्याने टेबलक्लॉथवरचं फूल बोटाने गिरवत सांगितलं. आडोशाच्या मागे गेला, मशीनवर मारला, कारण नारळ. मग तसाच उभा राहिला. मग छत्रीवरही मारला.

‘दोन्हीवर?’ भिकूने विचारलं.

‘दोन्हीवर.’

‘दादा, म्हणजे देवाला पण दिलंत आणि ताईंना पण. आणि मोजलं कुणालाच नाही.’

अमिता हसायला लागली. आधी हुंदका वाटला, पण हसूच होतं. जगू, तू अजिबात बदलला नाहीस, म्हणाली, दहावीच्या पेपरात पण दोन्ही पर्यायांवर टिक करून यायचास. आणि हसता हसता तिने श्यामलाचा हात धरला.

‘मग धैर्य तुझंच ना ग. तू तर मला ओळखतही नव्हतीस. का दिलंस?’

श्यामलाला खोटं सांगता आलं असतं. बाईने बाईला द्यावं म्हणून, असं सांगितलं असतं तर पुस्तकात शोभून दिसलं असतं. पण तिचा हात अमिताच्या हातात होता आणि नवरा समोर लाल कान घेऊन बसला होता.

‘तू निवडून आलीस तर तालुक्याला राहायला जाशील म्हणून,’ ती म्हणाली. ‘वाडीत तू कुणाला सगळ्यांत नको होतीस, तर मला. मलाच.’

अमिताने हात सोडला नाही. एकदा जगदीशकडे बघितलं, एकदा श्यामलाकडे, आणि मग लॅपटॉपवरच्या त्या आकड्याकडे बघत राहिली. हे कुठल्या रकान्यात लिहू, असं काहीसं पुटपुटली. अर्पणपत्रिकेची ओळ तिने एकेक अक्षर मागे घेत पुसली. नवी लिहिली नाही.

श्यामला उठून स्वयंपाकघरात आली. कालवण उरलं होतं, भिकूला डबा भरून द्यायचा होता. मागोमाग जगदीश आला आणि नुसताच ओट्याला टेकून उभा राहिला. डबा धरावा, झाकण शोधावं, यातलं काही त्याला सुचलं नाही.

‘खरंच त्यासाठी मारलास शिक्का?’ त्याने विचारलं. ‘माझ्यासाठी?’

‘हो.’

‘कधी बोलली नाहीस.’

श्यामलाने डब्यात तीन तुकडे घातले आणि थोडा विचार करून जास्तीचा एक काढून ठेवला.

‘तुम्ही दोन्हीवर मारलात,’ ती म्हणाली. ‘मी एकाच ठिकाणी मारला होता. बाद झाला असला तरी.’

 बाहेरून अमिताची हाक आली, जगू, दोन हजार दोन उघडलंय. जगदीश दाराकडे वळला, थांबला, आणि झाकण शोधायला लागला.